शालीखाली दिलेलं नाव

केळझरला पुतण्याच्या साक्षगंधाला गेलो होतो. पंगतीत माझ्या शेजारी एक मुख्याध्यापक येऊन बसले. जुनी ओळख. भातावर वरण घेता घेता ते सहज म्हणाले, "सर, तुमच्या शाळेतली ती कॉम्प्युटरवाली बाई. तिनं म्हणे तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव चोरलं. कंपनीनं नोटीस धाडली तिले. अशा लोकायले वर आणलं का असंच होते, पाहा."

'अशा लोकायले' म्हणताना त्यांनी आवाज खाली आणला. बाई बौद्ध आहे, हे त्यांना ठाऊक होतं आणि मी मान डोलावेन याची त्यांना खात्री होती. मी मान डोलावली नाही. पण बोललोही नाही. पापड मोडला आणि खाल्ला.

परत येताना बसमध्ये बायको म्हणाली, "काऊन जी, तोंडात घास होता का तुमच्या?"

"कशाबद्दल म्हणतेस?"

"मले बहिरी समजता का? मी मागच्याच रांगेत होती. तो माणूस त्या पोरीले चोर म्हणून राह्यला, अन् तुमी पापड मोडून राह्यले."

म्हणून हे लिहितो आहे. ती चोर नाही. नाव तिचंच होतं. ते कागदावर माझं कसं झालं आणि माझ्याकडून कंपनीकडे कसं गेलं, हे तिला आणि मला नेमकं ठाऊक आहे. तिने ते जमेल तिथे सांगून पाहिलं, कोणी ऐकलं नाही. तेच मी सांगितलं तर ऐकतील. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

आमची शाळा देवळी आणि पुलगावच्या मधल्या एका गावात आहे. मी तिथे पर्यवेक्षक होतो आणि वर्षानुवर्षं शाळेचं वेळापत्रक मी बनवत असे. ज्यांनी ते काम केलेलं नाही त्यांना वाटतं, त्यात काय, रकाने भरायचे. गणिताच्या मास्तरांना जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास नको असतो. पुलगावहून येणाऱ्यांची बस चुकते, त्यांना पहिला तास देता येत नाही. दोन शिक्षकांचं आपसात बोलणं बंद असतं, आणि प्रयोगशाळेची किल्ली एकच असते. माझी पद्धत अशी होती: लग्नसराईत घरी आलेल्या पत्रिका जपून ठेवायच्या, जून उजाडला की त्यांचे चौकोनी तुकडे कापायचे, प्रत्येक शिक्षकाला एक रंग, आणि मोठ्या पुठ्ठ्यावर ते तुकडे टाचणीने लावत बसायचं. एक तुकडा हलवला की चार ठिकाणी भांडण लागायचं.

ही बाई याच शाळेत शिकली, नंतर कंत्राटी म्हणून कॉम्प्युटर शिकवायला आली. स्टाफरूममध्ये माझा पुठ्ठा पाहून हसली. मग तुकडे उलटसुलट करून पाहू लागली. म्हणाली, "सर, गणपतीच्या फोटोवर कात्री लागू नाई म्हणून तुमी किती जपून कापलं. अन् हा निळा तुकडा माह्या भावाच्या लग्नाचा आहे न? याच्यात बुद्धाचा अर्धाच चेहरा आला." तिने तो तुकडा पुन्हा होता तिथे टोचला. त्यानंतर हा विषय तिने कधी काढला नाही.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने माझ्या पुठ्ठ्याचं सॉफ्टवेअर केलं. मला समोर बसवून एकेक नियम विचारायची. "या दोघायचं बोलणं बंद आहे, हे कॉम्प्युटरले कसं सांगू, सर?" आम्ही हसायचो. नियम माझे होते, हे खरं. बाकी सगळं तिचं. एखादा शिक्षक अचानक रजेवर गेला की त्याच्या तासांवर कोणाला पाठवायचं, हे ते एका क्षणात सांगायचं. माझा त्यात अर्धा तास जायचा, आणि तेवढ्या वेळात वर्ग छप्पर डोक्यावर घ्यायचा.

नाव तिने दिलं. आमच्या शाळेत घंटा नव्हती. कडुनिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता आणि त्यावर लोखंडी दांड्याने टोल द्यायचे. विद्यार्थिनी असताना तो टोल द्यायचं काम कित्येकदा तिच्याकडे असे. ती म्हणाली, "साऱ्या शाळेले वेळ कोण सांगते? तो रूळच सांगते न. मंग याचं नाव रूळ." मी म्हणालो होतो, काहीतरी भारदस्त संस्कृत नाव ठेवू. तिने ऐकलं नाही, बरं केलं. हे संभाषण कडुनिंबाच्या पारावर झालं. तिसरं कोणी नव्हतं.

'रूळ' तिने सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं. म्हणजे कोणीही घ्या, वापरा, उघडून पाहा, बदला, पुढच्याला द्या. फक्त बदललेलं पुन्हा तसंच मोकळं ठेवा. शाळाशाळांतून ते पेनड्राइव्हवर फिरलं. देवळीत एकाने घेतलं की सेलूला चौघांकडे पोचलेलं असायचं. वापरणाऱ्या शिक्षकांचं एक मंडळ झालं. नोंदणी वगैरे काही नाही, नुसतं मंडळ. आणि मंडळ झालं की अध्यक्ष लागतो. वयाने मोठा मी. आपल्याकडे असंच असतं. काम कोणीही करो, कागदावर वडीलधारा माणूस हवा.

कोणीतरी सुचवलं, नाव सरकारदरबारी नोंदवून घ्या, उद्या कोणी पळवलं तर? वर्ध्याच्या एका वकिलाकडे आम्ही दोघं गेलो. त्याने समजावलं ते मला तेव्हाच नीट कळलं होतं. सोयाबीनचं बियाणं शेजाऱ्याला दिलं तर तो पेरेल, पुढच्याला देईल, त्यात गैर काही नाही. पण दुसऱ्याच्या नावाच्या पिशवीत भरून ते विकता येत नाही. कोड हे बियाणं, ते मोकळं. नाव ही पिशवी, तिला मालक लागतो. तो मालक कोण, हे अर्जात लिहायचं होतं.

"मंडळाची नोंदणी नाही, तर मंडळाच्या नावाने होणार नाही," वकील म्हणाले. "दोघांच्या नावाने करता येईल."

बाईने माझ्याकडे पाहिलं. "माह्यं नाव संग टाकता येते म्हणतात, सर."

आणि मी म्हणालो, "कशाला उगाच गुंता."

बस, एवढंच. या तीन शब्दांत मी तिचं नाव काढून घेतलं. ती गप्प बसली, कारण ती कंत्राटी होती आणि तिचं कंत्राट पुढे चालू ठेवायची शिफारस माझ्या हातात होती. मी ती अडवली असती असं नाही. पण अडवू शकतो हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. अर्जात मी मालक झालो, नावाचा जनक झालो, आणि खाली सही केली.

माझ्या निवृत्तीनंतर एका मोठ्या शहरातली कंपनी आली. शाळांना सॉफ्टवेअर विकणारी. त्यांच्या माणसांनी देवळीच्या सभागृहात माझा सत्कार ठेवला. 'रूळचे जनक' असा फलक, त्यावर माझा फोटो, कोणत्या तरी लग्नातला, फेट्यातला. समोर तालुक्यातले मुख्याध्यापक. शाल, श्रीफळ, हार. मी भाषण केलं. कडुनिंब सांगितला, रूळ सांगितला, पत्रिकांचे तुकडे सांगितले. टाळ्या पडल्या. बाई मागच्या रांगेत बसली होती. भाषणात मी तिचा उल्लेख 'आमच्या एका सहकारी भगिनींनी टंकलेखनाला मदत केली' असा केला.

टंकलेखन!

त्याच मंचावर, शाल खांद्यावर असताना, फाइल पुढे आली. कंपनीचा माणूस म्हणाला, "सर, औपचारिकता आहे, नाव आमच्याकडे असलं की आम्हाला ते देशभर नेता येईल." नाव कंपनीला कायमचं दिलं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मी न वाचता सही केली, असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं. ते खोटं आहे. मी वाचलं होतं. एक रुपयाही घेतला नाही, हेही मी छाती पुढे काढून सांगत असे. पैसे घेतले असते तर निदान मला कशाची भूक होती ते लोकांना कळलं असतं.

कोड मोकळाच होता, तो कंपनीने घेतला. त्यात गैर काही नव्हतं. पण पुढच्या वर्षी त्यांनी 'रूळ' इंटरनेटशिवाय उघडेनासा केला. आमच्या गावांत शाळा भरायच्या वेळेला नेमकं नेट जातं. बाहेर पोरं प्रार्थनेला उभी, दोन शिक्षक रजेवर, आणि मुख्याध्यापक मोबाइल उंच धरून रेंज शोधतायत. लोक बाईला फोन करू लागले. तोवर तिचं कंत्राट संपलं होतं, ती पुलगावला आई-वडिलांकडे होती. शाळाशाळांत जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं, शिक्षकांना शिकवणं, यावर तिचं चाललं होतं. तिने जुना मोकळा कोड काढला, त्यातून स्वतःची वेगळी आवृत्ती तयार केली. इंटरनेट नको, जुन्या कॉम्प्युटरवर चालेल, पुन्हा मोकळं. कंपनीचं चिन्ह तिने काढून टाकलं. पहिल्याच पानावर लिहिलं की हे मूळ 'रूळ'वरून केलं आहे आणि त्या कंपनीशी याचा संबंध नाही. आणि नाव ठेवलं 'नवा रूळ'.

नोटीस आली. फसवणूक होईल इतकं सारखं नाव, ताबडतोब बंद करा, नुकसानभरपाई, वगैरे. त्याच आठवड्यात कंपनीच्या माणसाने मुख्याध्यापकांच्या सहविचार सभेत सांगितलं की बाजारात एक नकली माल आला आहे, तो वापरणाऱ्या शाळाही अडचणीत येतील. शाळा त्या. घाबरल्या. बाईला बोलावणं बंद झालं. सॉफ्टवेअर सोडा, बिघडलेला कॉम्प्युटरही तिला दाखवेनात. चोरीचा माल विकणाऱ्या बाईला शाळेत कोण येऊ देईल?

नोटीस घेऊन ती माझ्याकडे आली. ओसरीवर बसली, बायकोने दिलेला चहा तिने हातातच धरून ठेवला.

"वकिलाले भेटून आली, सर. तो म्हणते, कोड तुमाले घेता येते. हे कुठून घेतलं ते खरं खरं लिहिता येते. पण नाव म्हणून रूळ हा शब्द ठेवता येत नाई. मी म्हटलं, साहेब, नावच माह्यं आहे न. तर तो म्हणे, कागदावर नाई."

मी नोटीस उलटसुलट करून पाहिली.

"तुमी लिहून द्या," ती म्हणाली. "नाव म्या ठेवलं होतं, एवढंच. ते अर्जात खोटं होतं, तर पुढचं सारंच पाहा लागते त्यायले."

"बघतो," मी म्हणालो. "माझीही अडचण समजून घे. मी खोटं लिहून दिलं असं होईल."

"होईल नाई, सर. झालं आहे."

तिने कप खाली ठेवला. चहा तसाच होता. दारात चप्पल घालताना म्हणाली, "मले टायपिस्ट म्हटलं तुमी, त्याचं मले काई नाई. चोर म्हणून राह्यले लोकं, ते पाहून घेजा."

मी पाहून घेतलं नाही. पावसाळा गेला, कापूस घरात आला, मी बघतोच होतो. मनाशी कारणं जुळवत होतो. वय झालं. कोर्टाची पायरी नको. कंपनी मोठी आहे. तिने दुसरं नाव ठेवलं तर काय बिघडतं? हे शेवटचं कारण मला फार पटायचं. नावात काय आहे, असं मी म्हणायचो. मी! शालीसाठी ज्याने नाव घेतलं आणि शालीसाठी दिलं, तो म्हणत होता नावात काय आहे.

मग केळझरची ती पंगत झाली आणि तो पापड.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला गेलो. वेगळ्या वकिलाकडे. शपथपत्र केलं. नाव कोणी ठेवलं, कुठे ठेवलं, अर्जात मी काय खोटं लिहिलं, का लिहिलं. वकील म्हणाले, "काका, 'का' लिहायची गरज नाही." मी म्हटलं, लिहा. त्यांनी सांगितलं की नोंदणीविरुद्ध अर्ज मुंबईच्या कार्यालयात जाईल, वेळ लागेल, आणि निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. कंपनीला मी वेगळं कळवलं की तुमच्या संकेतस्थळावरचा माझा फेट्यातला फोटो काढा. अजून आहे. रोज पाहतो.

शपथपत्र घेऊन पुलगावला तिच्या घरी गेलो. वाटलं होतं, ती रडेल किंवा निदान 'बसा' म्हणेल. तिने उभ्यानेच सगळं वाचलं.

"चांगलं लिहिलं," ती म्हणाली. "पण मले आता रूळ नको, सर."

"अगं, पण नाव तुझं आहे. परत मिळू शकतं."

"मिळंन तवा मिळंन. तवरोक शाळा काय करतीन? म्या नाव काढून टाकलं." तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. वर एक रिकामी चौकट होती. शाळेने त्यात आपलं स्वतःचं नाव लिहायचं, खाली साधं 'वेळापत्रक'. बाकी नाव म्हणून काहीच नाही. "वेळापत्रक या शब्दाले कोण मालक होते? नावच नाई, तर नोटीस कोणाच्या नावानं धाडतीन?"

"लोक म्हणणार काय याला?"

"बाईवालं म्हणतात. चालते मले."

आतून तिचे वडील खोकत बाहेर आले. मिलमधून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "मास्तर, आमच्या बापानं देवधर्म सोडला, गावकीची कामं सोडली, जुनं सारं टाकून नवं घेतलं. पोरीनं एक नाव टाकलं, त्याचं तुमी काय मनाले लावून घेता?" ते हसून म्हणाले. मला हसता आलं नाही. त्यांच्या वडिलांनी जे टाकलं ते त्यांच्यावर लादलेलं होतं. हिने जे टाकलं ते तिचं स्वतःचं होतं, आणि टाकायला मी लावलं होतं. हे मी त्यांना बोलून दाखवलं. बाई म्हणाली, "कळलं न तुमाले? मंग आता एक काम करा. कागद मुंबईले जाऊ द्या. पण मले चोर म्हटलं ते मुंबईत नाई म्हटलं. देवळीत म्हटलं, मुख्याध्यापकायच्या समोर. तिथं सांगा."

सहविचार सभा त्याच सभागृहात होती. मी दोन शब्द बोलायला वेळ मागितला. ज्येष्ठ म्हणून आनंदाने दिला. आणि मी माइकपाशी पोचायच्या आत संयोजक शाल घेऊन आले. आपल्याकडे म्हातारा माणूस मंचावर दिसला की त्याच्या अंगावर शाल टाकल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. मी ती हातानेच मागे लोटली. शाल खाली पडली. संयोजक ओशाळून म्हणाले, "सरांना गरम होत असेल." हशा झाला.

मी सांगायला सुरुवात केली. की याच मंचावर मी खोटं बोललो होतो. की रूळ हे नाव मी ठेवलं नाही, बाईने ठेवलं. ते सॉफ्टवेअरही तिचं. अर्जात मी खोटं लिहिलं, आणि जे माझं नव्हतं ते शाल घेऊन कंपनीला देऊन टाकलं. तिचा माल नकली नाही. नकली मी होतो.

पहिल्या रांगेत केळझरच्या पंगतीतले मुख्याध्यापक होते. ते चष्मा पुसत होते. कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या न सर, झालं गेलं." संयोजकांनी हळूच खूण केली आणि माइक बंद झाला. मी आणखी एक-दोन वाक्यं बोललो, ती माझी मलाच ऐकू आली. पुढचे लोक टाळ्या वाजवू लागले. भाषण संपवायला वाजवतात, तशा.

मागच्या रांगेतून एक हात वर झाला. वर्गात करतात तसा, कोपर ताठ. बाई उभी राहिली.

"मागं आईकू आलं नाई, सर," ती म्हणाली. "पुन्हा सांगा."

टाळ्या थांबल्या. मी माइक बाजूला सारला. चाळीस-चाळीस पोरांच्या वर्गाला माइकशिवाय शिकवलेला माणूस मी. संयोजक अडवायला पुढे आले, तोच मी म्हटलं, खाली बसा. ते बसले.

मग मी पहिल्यापासून सांगितलं. मागच्या भिंतीपर्यंत.